इंजिन चालू ठेवून बघा

मी तीस वर्षं गिअरबॉक्स खोलतोय आणि तोंडाचा फटकळ म्हणून अख्ख्या बाजारात बदनाम आहे. गाडीची हेळसांड करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दहा माणसांत झापतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या वेळी झापून घ्यायची पाळी माझी होती.

गाडी माझ्या ताईची. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतलेली. ताई नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बांधते. गाडी गेली की तिचं काम गेलं, इतकं सरळ. आणि ती गाडी दोन महिन्यांपासून चढावर मान टाकायला लागली होती. इंजिन बोंबलतंय आणि चाकं ढिम्म! मोठ्या वर्कशॉपनं न उघडताच सांगून टाकलं, गिअरबॉक्स संपला, गाडी भंगारात द्या. ताईनं पेशंटना दुसरी नर्स बघायला सांगितलंसुद्धा.

मला साध्या गिअरबॉक्समधला खिळान्‌खिळा माहीत, पण ऑटोमॅटिकमधलं ओ की ठो कळत नाही. हे कबूल कोण करणार? शेवटी नाक मुठीत धरून ताईला आणि गाडीला घेऊन अबोलकाकांकडे गेलो. त्यांनी जन्मभर फक्त ऑटोमॅटिक खोलल्या. दिवसाला दहा शब्द बोलले तर खूप.

"गिअरचं तेल कोण बघतं?" काकांनी विचारलं.

"मी! दर महिन्याला. कधी कमी नसतं."

"दाखव."

मी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली. तेल बरोब्बर वरच्या खुणेला. मी ती काकांच्या नाकासमोर नाचवली.

"आता इंजिन चालू कर," ते म्हणाले.

गाडी चांगली गरम होऊ दिली. मग ताईला ब्रेक दाबून दांडा सावकाश एकेका गिअरमधून फिरवायला लावला, परत पार्कवर आणायला लावला. इंजिन चालूच. काकांनी डिपस्टिक पुसली, आत घातली, बाहेर काढली. कोरडी ठणठणीत!

"इंजिनचं तेल बंद गाडीत बघायचं, हिचं चालू गाडीत. बंद केली की वरचं तेल खाली उतरतं, मग कमी असलं तरी भरलेलं दिसतं."

माझे कान तापले. म्हणजे दोन वर्षं तेल थेंबथेंब गळत होतं आणि मी मोठा शहाणा, इंजिन बंद ठेवून "झकास आहे गं ताई" म्हणत होतो. ताईनं खाली उतरून डिपस्टिकवर बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट मला दाखवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोरडी चालून आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या असतील, तर वर्कशॉपवाले खरे," काका म्हणाले आणि गाडी वर उचलून खाली शिरले.

गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट उतरलं. त्यातल्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल होता. काकांनी तो बोटांत चोळला, हुंगला. करपल्याचा वास नाही, धातूचे तुकडे नाहीत. मग त्यांनी वरची जाड पाटी सोडवून माझ्या हातात दिली आणि मी बघतच राहिलो. किड्यानं लाकूड पोखरावं तशा शेकडो वाटा, पण एकही वाट उगाच नाही. आणि बाराही महिने मुका असलेला माणूस बोलायला लागला!

"इथून तेल धावतं. वेग वाढला की दाब बदलतो, हा करंगळीएवढा खुंट सरकतो, एक वाट मिटते, दुसरी उघडते. तेल जाऊन चकत्या आवळतं. झाला गिअर. तेलच ठरवतं सगळं."

अरे देवा! तीस वर्षं मी दात्याला दाता अडकवत बसलो आणि इथे नुसतं तेल विचार करत होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

काकांनी हवेची नळी घेतली. "एकेका भोकातून हवा सोडतो. आतून ठप्प वाजलं तर तो क्लच जिवंत. नुसतं फुस्स झालं तर खेळ खलास."

ताईनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि न विचारता लोखंडाला लावला. काका चक्क हसले.

"ठप्प," ताई कुजबुजली. "दुसराही वाजला."

तिसरा फुसकला. ताईनं डोळे मिटून घेतले. काकांनी नळीच्या टोकाचं झिजलेलं रबर बदललं, भोकावर घट्ट दाबलं, पुन्हा हवा सोडली.

"ठप्प!" ताई ओरडली. चौथा तर मला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू आला.

गळणारं सील बदललं, नवं तेल भरलं, चालू इंजिनात मोजलं. ताई मला शेजारी बसवून गावातल्या सगळ्यात उभ्या चढावर निघाली. गाडी लोण्यासारखी वर चढली. माथ्यावर तिनं ब्रेक लावला.

"ताई, चूक माझी होती गं," मी म्हणालो.

"माहितेय. दोन महिने प्रत्येक चढावर माझा जीव मुठीत असायचा. मी चिडलेय तुझ्यावर, चांगलीच चिडलेय. संध्याकाळी येऊन झापते. आता उतर, तीन पेशंटना परत येतेय म्हणून कळवलंय, वाट बघतायत."

मी उतरलो. गाडी निघाली, वेग घेत गेली. पहिल्याचा दुसरा कधी झाला, दुसऱ्याचा तिसरा कधी, कान टवकारूनही मला पत्ता लागला नाही. भर रस्त्यात उभा राहून मी लहान पोरासारखा रडलो.