सॉफ्टीचं मशीन

मिस्त्रींनी मशीनच्या तोंडाचे चारही स्क्रू काढले, झाकण अलगद ओढलं आणि आतलं लांब पातं बाहेर काढून मांडीवर घेतलं. दुकानदारीणबाईंची लेक मघापासून याचीच वाट पाहत होती.

"काका, आता तुम्हीच सांगा आईला. सॉफ्टी बंद करू आणि सरळ डब्यातलं आइस्क्रीम ठेवू. शेवटी दोन्ही आइस्क्रीमच ना?"

मिस्त्री दुखावले. बावीस वर्षं ते हीच मशीनं उघडत होते. गवयाला कुणी 'शेवटी सगळे आवाजच ना' म्हणावं, तसं त्यांना लागलं.

"नाही गं. डब्यातलं कारखान्यातच दगड करून पाठवतात. शून्याखाली अठरा अंश. महिनोन्महिने टिकतं. सॉफ्टी जेमतेम शून्याखाली सहा. मशीन तिला घुसळत राहतं, हवा भरत राहतं. निम्मी तर हवाच असते."

"म्हणजे आम्ही हवा विकतो."

"चांगली विकता."

"आणि घरी नेली तर?" बाईंनी विचारलं. अकरा वर्षं दुकान चालवून त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

"नेता येत नाही, वहिनी. फ्रीजरात टाकली तर वीट होते. ती तिथल्या तिथं, उभ्या उभ्या खायची."

बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. 'वहिनी' तेवढं मागे राहिलं होतं आणि त्याचं काय करावं, हे मिस्त्रींना उमगलं नव्हतं. दर मंगळवारी ते येत, मशीन खोलत, धूत, जोडत. मग चव बघायला म्हणून एक कोन हातात येई. तो संपेपर्यंत बाई काउंटरपलीकडे उभ्या राहत. आठवड्यातली तेवढीच पाच मिनिटं, आणि सॉफ्टी वितळते म्हणून त्यातही रेंगाळायची सोय नव्हती.

"फ्रीजरला देखभाल किती लागते?" लेकीने विचारलं.

खोटं बोलायची हीच वेळ होती. मिस्त्रींनी बाईंच्या बोटांकडे पाहिलं. रोज गार पाण्यात भाग धुऊन धुऊन सांधे सुजले होते.

"काहीच नाही," ते म्हणाले. "फडक्याने पुसला की झालं. वहिनी, फ्रीजरच घ्या."

"सुटलो बाई!" म्हणत लेक फोन कानाला लावून बाहेर गेली. मशीनला गिऱ्हाईक तयारच होतं. संध्याकाळी येऊन, चालू करून बघून, मगच नेणार होतं.

मिस्त्री भाग जोडायला लागले. एकेका रबरी रिंगेला पांढरं ग्रीस लावून ती जागेवर चढवत गेले. शेवटची सापडेना. त्यांनी ट्रे उचलून पाहिला, फडकं झटकलं, टेबलाखाली वाकले.

"काय झालं हो?"

"एक रिंग कमी भरतेय. तिच्याशिवाय मशीन गळेल. चालू करून दाखवता यायचं नाही."

"अगंबाई," बाई म्हणाल्या. पण शोधायला वाकल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि अंगठ्याला पांढरं ग्रीस लागलं होतं.

मिस्त्री जरा वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली पिशवी जवळ ओढली. वरच्याच कप्प्यात तसल्या पाच नव्या रिंगा होत्या. त्यांनी कप्प्याची चेन लावून टाकली.

"मागवावी लागेल," ते म्हणाले. "आठवडा तरी जाईल."

"आठवड्यात मिळेल ना पण नक्की?"

"तसं खात्रीने नाही सांगता येत."