मध्यस्थ जास्त झाले

सांगते बाप्पा, पन मधात टोकू नका. मले लवकर राग येते.

बोंडअळीचं साल होतं. मी केळापूरची दीपमाला, पुन्याच्या प्रयोगशाळेत पीएचडी करून राह्यली होती. माह्यासंगं पांढरकवड्याच्या मेकॅनिकची पोरगी अतिया. पेशीत एक प्रोटीन माजलं की कॅन्सर होते, त्या प्रोटीनले आम्हाले मोडीत काढायचं होतं. पेशीत एक सफाईवाला असते. तो ज्याच्यावर निशान लावते ते प्रोटीन भंगारात जाते. म्हनून आम्ही दोन हातांचं औषध बनवलं. एका हातानं प्रोटीन धरायचं, दुसऱ्यानं सफाईवाला, अन् दोघांची गाठ घालून द्यायची. लग्नातल्या मध्यस्थाचंच काम!

पन प्रोटीन हालेच ना. प्रोटीन असलं की प्रयोगाच्या फोटोत काळी पट्टी दिसते, ती ठान मांडून बसली होती. सरांनी कमीपासून जास्तीपर्यंत सारे डोस लावाले सांगतले होते. आम्ही पडलो कापसाच्या मुलखातल्या. अळी मरत नाही तं फवाऱ्यात झाकनभर अजून टाकायचं, हेच जन्मभर पाह्यलेलं. थेंबभरानं काय होते म्हनून आम्ही मोठ्या डोसापासूनच सुरू केलं अन् वाढवतच गेलो. शेवटी सर वैतागले. महिन्याच्या आखरीपर्यंत पट्टी गेली नाही तं काम बंद, म्हने.

हे बाबाले समजलं. डोमाजी माहा बाप, शब्दाचा पक्का. काम चाललं तं पुन्याले राहा, बंद झालं तं वनीच्या खानीतल्या क्लार्कसंगं लग्न, असं त्यानं सांगून टाकलं. पोरगा वाईट नव्हता, पन मले ते काम सोडायचं नव्हतं. रडू यायचं नुसतं.

महिना संपाच्या आधीच बाबानं ठेवलेल्या पाहन्याच्या कार्यक्रमाले मी घरी आली. बाबानंही झाकनभर जास्तच टाकलं होतं, एकाच्या जागी चार मध्यस्थ लावले होते. रामराव मामा अन् अजून एक आमच्या ओट्यावर चहा पीत बसले. सदाशिवराव अन् चौथा तिकडं वनीले, पोराच्या घरी चहा पीत बसले. पाहुन्याइले आनाले दुसरा जाईन, असं प्रत्येकाले वाटे. पोहे थंडे झाले, दिवस बुडाला, पाहुने काही आले नाहीत. माय, कांताबाई, साऱ्यांच्या नावानं बोटं मोडून राह्यली होती.

अन् मी पोह्याची कढई हातात घेऊन हसाले लागली. हसूच आवरेना. मायले वाटलं पोरगी कामातून गेली. मी अंगनात पळाली अन् अतियाले फोन लावला.

"अतिया, आपले मध्यस्थ जास्त झाले वं! एक प्रोटीनपाशी बसला, दुसरा सफाईवाल्यापाशी. दोघाइले जवळ आननारा कोनी उरलाच नाही. डोस हजार पट कमी कर!"

 ती अशी खिदळली का मले फोन कानापासून दूर धरा लागला.

रविवारी पाहुने खरंच आले. पोहे वाढता वाढता फोनवर अतियानं धाडलेला प्रयोगाचा फोटो आला. कमी डोसाच्या रकान्यात पट्टी गायब! तुलनेसाठी पाह्यलेल्या दुसऱ्या प्रोटीनची पट्टी मात्र जशीच्या तशी, म्हनजे पेशी जित्या होत्या. मी पाहुन्याइसमोर टुनकन उडी मारली, पोहे पोराच्या पॅन्टवर. तो बिचारा हसत झटकत बसला.

बाबानं फोन घेतला, डोळ्याजवळ नेला, दूर नेला.

"इथं तं काहीच नाही."

"तेच पाहिजे होतं, बाबा. गेलं ते."

 बाबानं फोन खिशात ठेवला अन् पाहुन्याइले हात जोडले.

"पाहुनेहो, पोहे पोटभर खा. पोरगी उद्या पुन्याले जाते."