पांजऱ्याच्या वाटेवरचा निरोप

मनकर्णा गेली हे मला दुपारी बाराच्या सुमारास कळलं. ती गेली दिवेलागणीला. मधल्या वेळात मी काय केलं ते लिहून ठेवतो आहे.

जर्मनची लढाई चालू होती. भंडारदऱ्याच्या धरणावरच्या बंगल्यात मी चौकीदार होतो. नगरच्या कॅम्पातले गोरे साहेब रजेवर यायचे, त्यांना डोंगर दाखवायला मलाच पाठवत. त्या मंगळवारी दोन साहेब दोन फटफट्या घेऊन आले होते. घाटघरच्या कड्यापर्यंत जाऊन दिवसात परत यायचं होतं. मी पुढच्या साहेबाच्या मागे बसलो. उजव्या खांद्यावर थाप मारली की उजवीकडे, डाव्या खांद्यावर मारली की डावीकडे, पाठीवर मारली की थांबायचं, असं आम्ही खुणांनी ठरवून घेतलं होतं.

मनकर्णा, माझी बायको, आठ दिवसांपासून राजूरला माहेरी होती. तिला हिवताप होता आणि राजुरात दवाखाना होता. ताप उतरला असं बाजाराहून आलेल्या माणसाने सांगितलं, म्हणून मी कामावर गेलो. नाहीतर गेलो नसतो, असं मी स्वतःला सांगतो.

कड्यावर पोचलो तेव्हा धुकं फाटलं होतं. खाली सगळं कोकण दिसत होतं. साहेबाने दर्या कुठे म्हणून विचारलं. मी हात लांब करून आभाळाच्या कडेची पांढरी रेघ दाखवली. तो दर्या की धुकं, मला माहीत नाही. सगळ्या साहेबांना मी तीच रेघ दाखवायचो आणि सगळे खूश व्हायचे. हेही झाले.

परतताना पांजरे गावाजवळ मागच्या फटफटीचं चाक पंक्चर झालं. साहेब ठिगळ लावत बसले. तेवढ्यात मनकर्णेचा धाकटा भाऊ गोरक्ष चालत आला. पहाटे राजूरहून निघून तो शेंडीला, धरणाजवळच्या आमच्या बंगल्यावर गेला होता आणि तिथून मला शोधत पाण्याच्या कडेने आला होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"दाजी, आक्काला जरा बरं न्हाई. आयनं बोलावलंय. चला."

आमच्याकडे माणूस मेलं असं तोंडावर कुणी सांगत नाही. जरा बरं नाही, चला, एवढंच सांगतात. ऐकणारा समजतो आणि पायात वहाणा घालतो. माझा बाप गेला तेव्हा मला असाच निरोप आला होता. मी स्वतः तीन घरी असे निरोप नेले आहेत. साहेबाने गोरक्षपुढे चहा धरला, तर त्याने मान हलवली. मयताचा निरोप आणणारा वाटेत काही घेत नाही, म्हणून माझी खात्रीच झाली. त्याला गोऱ्याच्या हातचं नको होतं, हे नंतर कळलं.

गोरक्ष झाडाखाली जाऊन बसला. चाक दुरुस्त झालं होतं, साहेबाने फटफटी चालू केली आणि माझं तोंड पाहून काय झालं म्हणून विचारलं. मी मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं, औरत मर गई. त्याने टोपी काढली. मग मागच्या सीटवर हात आपटून बस म्हणाला, आणि राजूरच्या दिशेला बोट केलं. दीड तासात पोचलो असतो. मी नको म्हणालो. बायकोच्या मयताला साहेबामागे बसून धुरळा उडवत जायचं, तर लोक काय म्हणतील, हा विचार मला आधी आला. आणि मेलेल्या माणसाला कसली घाई? फटफटीच्या आवाजात गोरक्षला यातलं काही ऐकू गेलं नाही, साहेबाच्या हाताच्या खुणा तेवढ्या दिसल्या. साहेब निघून गेले.

आम्ही चालायला लागलो. पाय उचला दाजी, असं गोरक्ष सारखा म्हणत होता. अंधाराच्या आत अग्नी द्यायचा असेल, असं मला वाटलं. मी त्याला काही विचारलं नाही. शेंडीपर्यंत त्याच्या पायाला फोड आले, म्हणून त्याला तिथे बसवून मी एकटा पुढे गेलो.

सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात. ते मला माझ्या हाताने न्यायचं होतं. राजुरात शिरल्यावर मी काकासाहेबांच्या कापडाच्या दुकानी थांबलो. कापड तेव्हा रेशनच्या कार्डावर मिळे आणि माझं कार्ड घरी होतं. कारण सांगितल्यावर ते म्हणाले, कधी गेली, मला काहीच कसं कळलं नाही. मी म्हणालो, सकाळी. त्यांनी माळ्यावर चढून हिरवं लुगडं शोधलं. अर्धा तास तिथे गेला.

गल्लीत वळलो आणि रडणं उठलेलं ऐकलं. सासूबाई गोजरबाई दारात बसल्या होत्या.

"आत्ता गेली," त्या म्हणाल्या. "दुपारपास्नं दाराकडं बघत हुती. पानी पाजाया गेले, तर म्हनली, ते आल्यावर."

त्यांनी माझ्या हातातलं लुगडं पाहिलं. ती गेल्याचं मला वेशीत कुणीतरी सांगितलं असेल, असं त्यांना वाटलं.

"त्या गोऱ्यानं सोडलं न्हाई व्हय तुमाला?"

मी बोललो नाही. त्यांनी ते होय असं धरलं आणि साहेबाच्या सात पिढ्या काढल्या.

तेराव्याला मी गोरक्षला बाजूला घेतलं. ती जिती आहे असं का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं.

"जित्या मानसाला जितं हाय म्हनून सांगत्यात व्हय, दाजी?" तो म्हणाला. मग, "साहेब बसा म्हनत हुता, तवा तुमी का न्हाई बसला?"

मी पायात वहाणा घालून निघालो. त्याने पुन्हा विचारलं नाही. आईला तो हे सांगत नाही, कारण सांगितलं तर निरोप कसा दिला ते त्यालाही सांगावं लागेल.

याला चार वर्षं झाली. साहेब लोक त्यांच्या मुलखाला गेले. दर दिवाळीला मी सांगायचं ठरवून राजूरला जातो. गोजरबाई मला जेवायला वाढतात, साहेबाला शिव्या देतात, आणि मी खाली मान घालून जेवतो. त्याने मला नेतो म्हटलं होतं आणि मी नको म्हणालो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.