चार बारीक खुणा

ताईने दोन वर्षं नकारच दिला. धाकट्या भावाने विषय काढला की ती शिलाई मशीन जोरात चालवायची आणि त्या खडखडाटात त्याचं बोलणं बुडवून टाकायची. सोफ्यांची कव्हरं शिवणं हा तिचा धंदा, आणि हट्ट हा स्वभाव.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसभरात प्यायला मोजून तीन पेले पाणी. धाकट्याच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या आणि तो किडनी द्यायला एका पायावर तयार होता. पण ताईच्या डोळ्यांपुढून वडील हलत नव्हते. त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुशीपासून पोटापर्यंत हातभर चीर पडली होती. जखम महिनोन्महिने चिघळली, पुढे तिथेच हर्निया झाला, आणि गोण्या उचलणारा धडधाकट माणूस खुर्चीला खिळला. धाकटाही ओझ्यावरच जगणारा. लोक घर बदलायचे आणि हा त्यांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचा.

"तुझं पोट फाडून मला जगायचं नाही," ताई म्हणायची. "आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला वाढवलं ते काय सुटे भाग काढायला?"

शेवटी त्याने तिला सर्जनबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी कागदावर पोट काढलं.

"इथे तीन छोटी भोकं. पोटात गॅस भरायचा, म्हणजे आत जागा होते. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्या दोनांतून हत्यारं. किडनी आतल्या आत सोडवायची, पिशवीत घालायची आणि ओटीपोटावर चार बोटांची चीर देऊन बाहेर काढायची. कुशीतले स्नायू कापावे लागत नाहीत, म्हणून दुखणं कमी, हर्नियाची भीतीही कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. दीड महिन्यात हलकं काम, तीन महिन्यांनी कपाटं."

"आणि मधेच काही बिघडलं तर?"

"तर मोठी चीर द्यावी लागेल. क्वचित लागते, पण लागू शकते. तेही सांगून ठेवते."

ताईने कागद जवळ ओढून बराच वेळ पाहिला. "पिशवीत घालून आणणार," ती म्हणाली. "बाजारहाट केल्यासारखी." धाकट्याने ओळखलं, गाडं रुळावर आलं.

ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्या दिवशी धाकटा भिंतीला धरून चालायला लागला. पोटापेक्षा त्याचा खांदाच जास्त ठणकत होता. गॅसमुळे होतं तसं, दोन दिवसांत जाईल, असं नर्सने सांगितलं आणि तसंच झालं. ताईला मात्र वीतभर चिरावं लागलं होतं, कारण नवी किडनी आत बसवायला जागा लागते. घरी निघायच्या दिवशी तो तिला भेटायला गेला तर ती म्हणाली, "शर्ट वर कर."

त्याने केला. ती वाकून टाके बघत राहिली.

"हात चांगला आहे बाईचा," ती म्हणाली. "घट्ट नाही, सैल नाही." मग तिने उशाचा तांब्या उचलला आणि त्याच्यादेखत निम्मा रिकामा केला. "किती दिवसांनी घोट न मोजता प्यायले रे."

असे सात आठवडे गेले. ताई घरी आली, मशीनवर बसली, धाकट्याला जड पिशवी उचलू देईना. मग तिला खोकला झाला. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून जी औषधं द्यावी लागतात, त्यांनी अंगातली लढायची ताकदही कमी होते. खोकला छातीत उतरला आणि नवव्या दिवशी ताई गेली.

"तुमची किडनी शेवटपर्यंत काम करत होती," डॉक्टरांनी सांगितलं. ऐकून त्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

धाकटा मात्र बरा होत गेला. हेच त्याला सोसवेना. भूक लागायची, जिना चढताना दम लागायचा नाही. कामावरचे म्हणाले, "अरे, तुला काही झालंय असं वाटतच नाही." मायेनेच म्हणाले. न्हाणीघरात तो आरशासमोर उभा राहून पोटावरच्या खुणा शोधायचा. तीन ठिपके आणि एक बारीक रेघ. एवढंच.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तपासणीला गेला तेव्हा सर्जनबाईंनी पोट दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही." उठून बसत तो म्हणाला, "मोठी चीर दिली असतीत तर बरं झालं असतं, डॉक्टर. काहीतरी दुखलं असतं."

बाईंनी हातमोजे काढले. "मग ते सात आठवडे त्यांनी तुमच्याकडे बघून रडण्यात घालवले असते. तुम्ही चालत घरी गेलात म्हणून त्या हसल्या. मी पाहिलंय."

तो शर्टाची बटणं लावत राहिला.

"बाहेर एक जोडपं बसलंय," बाई म्हणाल्या. "बायको द्यायला तयार आहे, नवरा घ्यायला नाही. बोलाल त्यांच्याशी? नको वाटलं तर नाही म्हणा."

बाकावरचा नवरा सुजलेल्या पायांकडे बघत बसला होता. धाकट्याने त्याच्यासमोर शर्ट वर केला. "बहिणीला किडनी दिली, दुसऱ्या दिवशी उठलो," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी घरी. आता उद्यापासून कपाटं उचलणार."

नवऱ्याने त्या खुणांकडे खूप वेळ पाहिलं. "आणि तुमची बहीण?"

"गेली. छातीत जंतुसंसर्ग होऊन. सात आठवडे बरी होती." खोटं बोलायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

मग बायकोने हळूच विचारलं, "हे सगळं आधी माहीत असतं, तर दिली असतीत?"

"दिली असती," धाकटा म्हणाला. "ती आजारी पडली तेव्हा दुसरीही घ्या म्हणालो होतो. डॉक्टर म्हणाले, तिला किडनी कमी पडत नाहीये."

हे सांगताना त्याचा आवाज फाटला. बायको सरकली, बाकावर जागा झाली आणि तो तिथे बसला. ताई गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता दोन अनोळखी माणसांच्या शेजारी तो तोंड झाकून रडला, आणि त्या दोघांपैकी कोणीही त्याला गप्प बस म्हणालं नाही.