जो शिकवेल, तो टिकेल

पहिली स्लाइड: "बदलाची सुरुवात माणसांपासून."

खाली ताईचा फोटो. कानाला हेडफोन, ओठांवर हसू. भाषणाची तयारी करताना धाकटीने तो स्लाइडवरून काढला. पुन्हा लावला.

ताई एका कंपनीत तक्रारींच्या फोनवर. धाकटी त्याच कंपनीत मनुष्यबळ प्रमुख. ऑफिसात ताई तिला "मॅडम" म्हणायची. लिफ्टचं दार मिटलं की, "केस विंचरायला वेळ नाही का गं?"

दुसरी स्लाइड: "विश्वास."

माणसांऐवजी फोन घेणारी नवी सिस्टीम आली. धाकटीने सगळ्यांना शब्द दिला, "हिला जो शिकवेल, तो टिकेल." तिला वरून तसंच सांगितलं होतं. तिला ते खरंही वाटलं होतं.

बाकीचे दुधाने तोंड पोळलेले. त्यांनी थातुरमातुर शिकवलं, खरी खुबी स्वतःपाशी ठेवली.

"ताई, थोडं हातचं राखा," शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला.

"ती कशाला राखेल? तिला राखायला बहीण आहे ना!" मागून कुणीतरी. हशा.

ताईने सगळं ओतलं. गिऱ्हाईक किंचाळलं की आपला आवाज उतरवायचा. म्हातारी माणसं नुसती बोलायलाच फोन करतात, त्यांना मध्ये तोडायचं नाही.

तिसरी स्लाइड: "निकाल."

(ही भाषणातून वगळली.)

दाढीवाल्याचं काम सिस्टीमला जमेना, म्हणून दाढीवाला राहिला. ताईचं सगळं जमलं.

धाकटी घरी गेली तेव्हा ताई कढई घासत होती.

"ताई, एका अर्थी हे तुझंच यश..."

"मॅडम बोलतायत की तू?"

धाकटीने ओट्यावरचं फडकं उचललं.

"सगळे सांगत होते गं. मीच म्हटलं, माझ्या बहिणीने शब्द दिलाय."

"मलाही माहीत नव्हतं, ताई."

"मग शब्द कशाच्या जोरावर दिलास?"

नळ वाहत राहिला. जाताना धाकटीने चाचरत फोटोचं विचारलं. वरच्यांना तो भाषणात हवा होता.

"लाव की. खाली लिही, हिने हातचं काही राखलं नाही."

धाकटीने तसंच लिहिलं.

सभागृहात त्या ओळीला टाळ्या पडल्या. दाढीवाला शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "वा! या सध्या कोणत्या पदावर आहेत?"

धाकटीने पुढची स्लाइड लावली.

"आभार."