गळ्यातलं लोढणं

"कुणाच्या तोंडून निघालं ते?" मास्तरांचा तो करडा आवाज अजून माझ्या लाकडात घुमतो.

मित्रांनो, मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेतला जुना लाकडी बूट आहे. पण पाऊल कसं असतं, ते मला ठाऊक नाही. कारागिराने मला कोरलं, आणि मास्तरांनी भोक पाडून दोरीत ओवलं. शाळेत फ्रेंचच बोलायचं. घरची ब्रेतॉन बोली ज्याच्या तोंडून निसटेल, त्याच्या गळ्यात मी. त्याने दुसऱ्याला पकडून दिलं तरच सुटका.

आठ वर्षांची बार्बा एकदा मला गळ्यात घेऊनच रडत घरी गेली. तिची आई मास्तरांच्या नावाने कडाडली, "लोढणं गुरांना बांधतात रे मेल्या! लेकराला कशाला?"

पुढे बार्बा त्याच शाळेत शिक्षिका झाली. शाळेच्याच माडीवर मायलेकी राहत. आई वर्गात कधी पाऊल टाकत नसे. बार्बा मुलांसाठी फ्रेंचमध्ये पुस्तकं लिही. समुद्राची, वाट चुकलेल्या कोकरांची. पॅरिसच्या मुलांची पत्रं येत. आईला मात्र फ्रेंचचं अक्षर कळत नसे. धिरडी उलथता उलथता ती शेजारणीला म्हणे, "जगाच्या पोरांना गोष्टी सांगते. मला विचारते, 'जेवलीस का?' झालं!"

"मग पॅरिसात जन्मायचंस, बये!"

दोघी हसत. मग आई त्या मास्तराच्या नावाने बोटं मोडी, आणि बार्बा ताट सारून उठे. आईला कळलं तर? खाली वर्गात फळ्यामागच्या खिळ्याला मी अजून टांगलेला होतो. माझी कड गुळगुळीत झाली, ती पोरांच्या आसवांनी.

नोकरी संपली त्या दिवशी बार्बाने मला माडीवर नेलं. आईची नजर एव्हाना गेली होती. "आज तरी एक गोष्ट सांग गं. आपल्या बोलीत."

बार्बाने मला तिच्या हाती दिलं. म्हाताऱ्या बोटांनी दोरी चाचपली, भोक चाचपलं. "हे तर त्या मेल्याचं लोढणं! जाळून टाक."

मित्रांनो, गोड गोष्टी लिहिणारा हातही कुणाच्या गळ्यात दोरी घालू शकतो. आपल्या हातांवर नजर ठेवा.

बार्बा खाली बसली. किती वर्षांनी तिच्या ओठांवर 'जेवलीस का'पलीकडची ब्रेतॉन बोली आली, अडखळत.

"आई, मास्तर कधीच गेले गं. त्यांच्यामागे एकतीस वर्षं हे पोरांच्या गळ्यात मीच घातलं."