स्वावाचा निरोप

बाल्दुरने बदकिणीला अलगद बाजूला सारलं, कोमट अंडी एकेक करून गवतावर ठेवली आणि घरट्यातली मऊ पिसं मुठीत धरली, तेवढ्यात त्याच्या टाळूवर चोच बसली. लोकरीच्या टोपीतूनही ती चांगलीच लागली. वर पाहिलं तर दुसरी सुरय, तसलीच लांब चोचीची पांढरी समुद्रपाखरू, पंख मिटून खाली झेपावत होती, तिच्यामागे तिसरी, आणि शेदोनशे जणींनी मिळून आभाळ डोक्यावर घेतलं होतं.

"तुमच्या अंड्यांना हात तरी लावलाय का मी?" तो वैतागून म्हणाला. "तिची आहेत ती. ती बघा, गप्प बसलीय."

बदकीण दोन हातांवर शांत बसून होती. या आरडाओरड्याचं तिला काहीच नव्हतं. उलट त्यासाठीच ती इथे घर करायची. सुरयांच्या वस्तीत कोल्हा शिरत नाही, डोमकावळा उतरत नाही. सुरय हा पक्षी जेमतेम शंभर ग्रॅमचा. त्याने ठरवलं तरी कोल्ह्याचं काय वाकडं करणार? पण तो असा काही अंगावर येतो, की कोल्हा पुढचा विचार करायला थांबतच नाही. खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. बाल्दुरला तर अडुसष्ट वर्षं ठाऊक होतं, तरी दर जूनमध्ये त्याच्या नाकी नऊ यायचे. त्याने रजयांसाठी विकायची ती पिसं पोत्यात भरली, घरट्यात सुकं गवत पसरलं, अंडी परत ठेवली आणि मान खाली घालून पुढच्या घरट्याकडे निघाला.

बाहेर हे आणि घरात स्वावा. त्याची ही मोठी बहीण सकाळी डोळे उघडले की जो तोंडाचा पट्टा सुरू करायची तो रात्रीच्या बातम्यांपर्यंत. बूट इथे का काढले, मासा आजही खारट का केला, दाराशी कोण आलंय, त्याला म्हणावं कामाशिवाय येत जाऊ नकोस. पाद्रीबाबासुद्धा फाटकाशी उभे राहून आधी अंदाज घ्यायचे. दोघांनीही लग्न केलं नाही. बाल्दुरचं एकदा ठरत आलं होतं, पण ती मुलगी दोनदा जेवायला आली आणि तिसऱ्यांदा आली नाही. त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशनसाठी स्वावा तीन आठवडे आकुरेरीच्या इस्पितळात जाणार म्हटल्यावर त्याने तिची बॅग स्वतः भरली होती. आयुष्यात पहिल्यांदा कानांना सुट्टी मिळणार होती.

सुट्टी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी शेजारचा ग्रीमुर दोन तासांसाठी म्हणून ट्रॅक्टर घेऊन गेला, त्याला आता आठवडा होत आला. मग एक व्हॅन सरळ गवताच्या कुरणात येऊन थांबली. आतल्या जोडप्याने आधी संडास कुठे म्हणून विचारलं, मग आंघोळीचं विचारलं, आणि आता ती दोघं त्याच्याच स्वयंपाकघरात त्याचीच अंडी उकडत होती. बाल्दुरला नाही म्हणता येत नव्हतं. तोंड उघडलं की आपोआप 'बरं' निघायचं, आणि मग दिवसभर तो स्वतःवरच चरफडायचा.

आणि मंगळवारी ऑरी आला. धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून नाताळच्या कार्डापुरता उरलेला. येताना केक आणला होता.

"काका, या टोकावर आठ केबिन बसतात," त्याने टेबलावर नकाशा पसरला. "समोर समुद्र, मागे डोंगर. लोक रांगा लावतील. तुम्ही दोघं किती दिवस ही पिसं वेचणार?"

"आणि पक्षी?"

"बदकं राहू देत की. गरीब आहेत बिचारी, फोटोत छान दिसतात. फक्त त्या सुरया घालवायच्या. रोज अंडी उचलायची. खायलाही चांगली लागतात. दोन आठवड्यांत कंटाळून जातील."

त्या गेल्या की बदकंही जातील, हे बाल्दुरच्या जिभेवर आलं होतं. आजोबांच्या आधीपासून इथे येणारी बदकं. पण ऑरी इतक्या मायेने केक कापत होता.

"आत्याची सही लागेलच," ऑरी म्हणाला. "पण आधी तुझी होऊ दे, मग तिचं मी बघतो. शुक्रवारी कागद घेऊन येतो. सोमवारी पालिकेची बैठक आहे."

"स्वावाला विचारून सांगतो," बाल्दुर म्हणाला. नाही म्हणण्याच्या तो इतकाच जवळ जाऊ शकत होता.

गुरुवारी दुपारी त्याने फोन लावला. सवयीप्रमाणे रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला, आणि मग जवळ घ्यावा लागला, कारण काही ऐकूच येईना.

"किती घरटी झाली?" स्वावा विचारत होती.

"दोनशे चाळीस."

"छान."

छान हा शब्द तिच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला, ते त्याला आठवेना. त्याने भरभर ऑरीचं सगळं सांगून टाकलं. केबिन, अंडी, कागद. सांगून झाल्यावर खांदे आवळून उभा राहिला. पलीकडून ट्रॉलीचा आवाज आला, कोणीतरी हसलं.

"करून टाक सही," स्वावा म्हणाली.

"काय?"

"डॉक्टर म्हणतात, खडकांवरून चालणं आता विसरा. आणि खरं सांगू का, मला कंटाळा आला रे. जन्मभर मीच ओरडले. मला काय हौस होती? कुणीतरी ओरडायला हवं होतं, आणि तू तर 'बरं' म्हणत बसायचास. इथे कोणी घाबरत नाही मला. नर्स म्हणते, किती गोड आजी आहे."

"अगं, मग मी ऑरीला काय सांगू?"

"तुला वाटेल ते सांग. माझ्या गोळ्यांची वेळ झाली."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. व्हॅनवाल्यांनी त्याचं ताटही संपवलं.

शुक्रवारी ऑरी आला तो डोक्यावर फाइल धरून. फाइलवर सुरयांनी आपली सही आधीच केली होती. शिव्या देत त्याने ती पुसली, कागद काढले, पेनाचं टोपण उघडून पेन बाल्दुरसमोर ठेवलं.

"बोललास ना आत्याशी? काय म्हणाली?"

बाल्दुर कॉफी ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"म्हणाली..." त्याने चमचा बशीत ठेवला. "म्हणाली, ऑरीला सांग, खाडीच्या या बाजूला परत त्याची गाडी दिसली तर चारही चाकांची हवा मी कुबडीच्या टोकाने काढीन."

ऑरीचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"म्हणाली, बाप गेल्यावर दहा वर्षांत एकदा तरी त्याच्या थडग्यावरचं गवत काढलंस का, आणि निघालायस आमचं घर आवरायला. म्हणाली, सुट्टीत इथे यायचास तेव्हा नऊ वर्षांचा होईपर्यंत तुझ्या ओल्या चादरी कुणी धुतल्या, ते एकदा तुझ्या बायकोला फोन करून सांगावं लागेल." शब्द आपोआप येत होते. कानांत इतकी वर्षं साठलेलं काही शोधावं लागत नव्हतं. "आणि म्हणाली, सोमवारी बैठकीला मी येतेय. स्ट्रेचरवर घालून आणलं तरी येतेय. पहिल्या रांगेत बसेन, आणि बोलायला उठणार नाही, कारण पडूनही माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो."

ऑरीने घसा साफ केला. "मी... मी स्वतः बोलतो तिच्याशी. समजावतो."

बाल्दुरने फोनजवळची चिठ्ठी उचलली आणि टेबलावरून पुढे सरकवली.

"हा वॉर्डचा नंबर. लाव आत्ताच. जागीच असेल."

ऑरीने चिठ्ठीकडे पाहिलं, मग फोनकडे. शेगडीवर व्हॅनवाल्यांची अंडी उकळत होती. मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि कागद एकावर एक ठेवून त्यांच्या कडा बराच वेळ जुळवत बसला.

"तब्येत सुधारलेली दिसते तिची," तो उठत म्हणाला.

"खूपच," बाल्दुर म्हणाला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तो आत वळला. त्याने व्हॅनवाल्यांना सांगितलं की या घरच्या बाई येतायत, तेव्हा अंडी खाऊन निघा. मग वरच्या मजल्यावरून तो स्वावाचा पलंग काढायला लागला; जिना तिला आता जमणार नव्हता. गादी, फळ्या, लोखंडी पाय, सगळं एकट्याने जिन्यावरून खाली आणायला त्याला संध्याकाळ झाली. आधी त्याने पलंग शेगडीजवळ, उबेला लावला. थोडा वेळ बघत उभा राहिला. मग तो ओढत ओढत दाराशी नेला, फाटकातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी स्वावाच दिसेल असा.